दर आठवड्याला थोडं थोडं, की पाच दिवसात सलग?

पत्र (थोडं छोटं केलंय, ओळख पटेल असं काढून टाकलंय):

ताई, मी वाईजवळ राहते, हायस्कूलला शिकवते, वय ३६. अडीच वर्षांपूर्वी पहाटे मी आणि दादा गाडीने पुण्याला निघालो होतो. खंबाटकीचा बोगदा संपल्यावर जे वळण आहे तिथे मागून ट्रक आला. दादा जागेवरच गेला, मी चाळीस मिनिटं गाडीत अडकलेली. गाडीचा इंडिकेटर तेवढा चालू होता, टिक टिक टिक. तेव्हापासून मी बोगद्यातून गेलेली नाही, पुण्याला जावंच लागलं तर मांढरदेवी-भोरवरून जाते. स्वयंपाकघरातल्या घड्याळाचा सेल काढून ठेवलाय. साताऱ्याला एका मॅडमकडे थेरपी चालू आहे पण सात महिन्यात नऊच सेशन झाले, कधी पेपर तपासणी, कधी पाहुणे, कधी माझंच डोकं दुखतं. आता मॅडम म्हणतात पुण्यात त्यांच्या ओळखीच्या एक क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट ट्रॉमासाठी सलग पाच दिवसांचं इंटेन्सिव्ह घेतात, रोज सकाळी दीड तास आणि दुपारी दीड तास, ४५ हजार खर्च. दिवाळीच्या सुट्टीत मावशीकडे राहून करता येईल. मिस्टर म्हणतात एकदाचं उरकून टाक. सासूबाई म्हणतात जुनं उकरून काय मिळणार. मला भीती वाटते की पाच दिवस तेच तेच बोलून मी वेडी झाले तर? शाळेत उभी राहू शकले नाही तर? रात्री डॉक्टरांनी दिलेली झोपेची अर्धी गोळी घेते. आणि खरं सांगायचं तर कधीकधी वाटतं दादाच्या जागी मी गेले असते तर बरं झालं असतं, निघायची घाई मीच केली होती. काय करू?

---

प्रिय बाई,

(शिकवणाऱ्या बाईंना मी अजून बाईच म्हणते, शाळा सुटून तीस वर्षं झाली तरी.)

तुमचं पत्र आलं त्या दिवशी दोनदा वाचलं आणि घड्याळाच्या सेलपाशी दोन्ही वेळेला थांबले. घरात चालू घड्याळ नको म्हणून सेल काढणं, पोळ्या करताना वेळ बघायला मोबाईल ओट्यावर ठेवणं, कुणी विचारलं तर "बंद पडलंय, आणायचाय सेल" म्हणणं, हे अडीच वर्षं रोज चाललंय आणि घरात बहुतेक कुणाच्या लक्षातही आलं नसेल. तुम्ही किती थकल्या असाल याचा मला अंदाज आहे.

सगळ्यात आधी शेवटच्या वाक्याबद्दल, कारण बाकी सगळं त्याच्यानंतर येतं. "दादाच्या जागी मी गेले असते तर" हे अपघातातून वाचलेल्या खूप जणांना वाटतं, त्यात तुम्ही एकट्या नाही. पण या विचारात दोन प्रकार असतात. एक म्हणजे जीव तुटून वाटणारं दुःख, आणि दुसरं म्हणजे आता स्वतःला संपवावं असं खरंच मनात येणं, कसं करायचं तेही डोक्यात घोळणं. तुमचं कोणतं आहे हे मला पत्रावरून कळणार नाही, म्हणून साताऱ्याच्या मॅडमना हेच वाक्य, मला लिहिलंय तसंच्या तसं, पुढच्या भेटीची वाट न बघता फोन करून सांगा. दुसऱ्या प्रकारचं असेल तर इंटेन्सिव्ह आत्ता नाही, आधी तुम्ही सुरक्षित असणं महत्त्वाचं आणि ते घरातल्या कुणाला तरी माहीत असणं महत्त्वाचं. आणि रात्री अपरात्री फार वाटलं तर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर आहे, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीतून बोलता येतं. आत्ताच मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा, पुढचं मग वाचा.

आता मूळ प्रश्न. मी स्वतः गेली कित्येक वर्षं लोकांना आठवड्यातून एकदा भेटणारी काउन्सेलर आहे, आणि हे पाच दिवसात, आठ दिवसात ट्रॉमा थेरपी वगैरे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला अजिबात पटलं नव्हतं. मला वाटायचं मन काय कुकरमधला भात आहे का, तीन शिट्ट्यात होईल. पण मग वाचत गेले आणि मत बदललं. इंग्लंडमध्ये अँके एहलर्स, डेव्हिड क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली एक अभ्यास छापला, त्यात पीटीएसडी (अपघातासारख्या मोठ्या धक्क्यानंतर मनात बसून राहणारा आजार) असलेल्या १२१ लोकांचे चार गट केले होते. एका गटाला कॉग्निटिव्ह थेरपी (त्या घटनेबद्दलचे विचार तपासून बघण्याची पद्धत) तीन महिने आठवड्याला एकदा दिली, दुसऱ्याला तीच पाच ते सात दिवसात सलग, साधारण अठरा तास. तिसऱ्या गटाला नुसता धीर देणारं, ऐकून घेणारं काउन्सेलिंग, चौथा वेटिंग लिस्टवर. आठवड्यावाल्यांपैकी ७७ टक्के बरे झाले आणि सलगवाल्यांपैकी ७३ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखंच, फक्त सलगवाल्यांना आराम लवकर पडला. ऐकून घेणाऱ्या काउन्सेलिंगमध्ये ४३ टक्के, आणि नुसते थांबलेले ७ टक्के.

हे चारही आकडे मी मुद्दाम दिले कारण सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. जुनं उकरून काय मिळणार, तर हे मिळतं. न उकरता काळ जाऊ दिला तर आपोआप बरे होणारे त्या गटात शंभरात सातच निघाले. (सासूबाईंचा हेतू वाईट नसणार, त्यांच्या पिढीने दुःख गिळूनच दिवस काढलेत, त्यांना दुसरं कुणी काही शिकवलंच नाही.)

अजून एक अभ्यास, अमेरिकेत टेक्सासमध्ये फोर्ट हूडच्या लष्करी तळावर साडेतीनशेहून जास्त सैनिकांवर झालेला, २०१८ मध्ये आला. एडना फोआ यांनी प्रोलाँग्ड एक्स्पोजर नावाची पद्धत बसवलीय, त्यात डोळे मिटून ती घटना आत्ता घडतेय अशी परत परत सांगायची असते. तीच दहा सेशन एका गटाला दोन आठवड्यात दिली आणि दुसऱ्याला आठ आठवड्यात. फरक नाही पडला, दोन आठवडेवाले मागे पडले नाहीत. मात्र हेही सांगते की त्या अभ्यासात दोन्हीकडे बऱ्याच जणांचा त्रास पूर्ण गेला नव्हता, तेव्हा सलग केलं म्हणजे जादू होते असं कुणी सांगत असेल तर ते तेवढं खरं धरू नका.

आणि तुमची ती वेडी होण्याची भीती. नेदरलँड्समध्ये एक आठ दिवसांचा प्रोग्राम चालतो, चार दिवस राहायचं, शनिवार रविवार घरी जायचं, परत चार दिवस. सकाळी प्रोलाँग्ड एक्स्पोजर, दुपारी ईएमडीआर (ती डोळ्यांसमोर बोटं हलवतात ती पद्धत), मधे व्यायाम. तिथे येणारे लोक साधे नसतात, लहानपणापासून अत्याचार सोसलेले, वर्षानुवर्षं त्रास काढलेले असतात. त्यांनी साडेतीनशेच्या आसपास लोकांचे रिझल्ट छापले त्यात प्रोग्राम अर्धवट सोडून गेलेले दहाच्या आत होते. आठवड्याच्या थेरपीत साधारण सहातला एक मधेच सोडतो. त्या डच अभ्यासात तुलनेला दुसरा गट नव्हता आणि लोक तिथेच राहत होते, त्यामुळे तोच आकडा पुण्याला लागू होईल असं मी म्हणणार नाही. पण सलग बोलल्याने माणूस मोडून पडतो ही जी आपल्या सगळ्यांच्या मनातली भीती आहे ना, माझ्याही होती, ती काही तिथे खरी ठरली नाही. अवघड नक्की जातं. दुसरा तिसरा दिवस फार जड जातो, झोप बिघडते, स्वप्नं पडतात, चिडचिड होते, रडू येतं, अंग दुखतं. हे होणार हे धरूनच जायचं.

मग दोन्ही सारखंच तर निवडायचं कसं? माझ्या मते एकच गोष्ट बघायची, दोन सेशनच्या मधल्या दिवसांत तुमचं काय होतं.

काही लोकांचा तो मधला आठवडा कामाला येतो. सेशनमध्ये जे बोललं ते घरी मुरतं, घरचा अभ्यास करतात, रस्त्यावर जाऊन थोडं थोडं करून बघतात, पुढच्या वेळी येऊन सांगतात की ताई मी टोलनाक्यापर्यंत जाऊन आले. अशांना मी कधीही आठवड्याचंच सांगेन, घर चालू, नोकरी चालू, पैसेही हप्त्याहप्त्याने जातात. आणि काहींचा तोच आठवडा भीतीला मिळतो. तुमचं दुसरं आहे असं मला वाटतंय, रागावू नका. सात महिन्यात नऊ सेशन, आणि तुम्ही मूळ पत्रात लिहिलंय की त्यातल्या एकाही सेशनमध्ये बोगद्याच्या पुढचं बोलणं झालं नाही, मॅडमनी "पुढच्या वेळी आपण त्या दिवसाकडे जाऊ" म्हटलं की पुढच्या वेळी पेपर निघतात नाहीतर पाहुणे येतात. तुम्ही आळशी नाही, खोट्या नाही, डोकं खरंच दुखत असणार. हा आजारच असा आहे, टाळणं हेच त्याचं खाणं आहे, आणि सात दिवसांची गॅप म्हणजे त्याला रोज एक ताट वाढल्यासारखं होतं. सलग पाच दिवसांत त्याला ते ताट मिळत नाही. आज संध्याकाळी नको वाटलं तरी उद्या सकाळी दहाला तीच खुर्ची, तीच बाई, आणि काल जिथे थांबलो तिथूनच पुढे. तुमच्यासाठी इंटेन्सिव्ह बरं असं मी म्हणतेय ते एवढ्याचसाठी.

आता घड्याळाबद्दल थोडं, कारण आत नेमकं काय करतात हे कळलं की भीती कमी होते. तुमच्या डोक्यात टिकटिक म्हणजे गाडी, काच, दादाचा हात, असं सगळं एकत्र चिकटून बसलंय. थेरपीत एकीकडे ती चाळीस मिनिटं सुरुवातीपासून शेवटपर्यंत नीट लावून घेतात, त्यातला सगळ्यात वाईट क्षण कुठला, त्या क्षणी तुम्हाला काय वाटलं आणि आज तुम्हाला काय माहीत आहे जे तेव्हा माहीत नव्हतं. दुसरीकडे टिकटिक समोर ठेवतात, खरंखुरं घड्याळ टेबलावर, आणि फरक शोधायला लावतात. तो आवाज अंधारात येत होता, हा उजेडात येतोय. तेव्हा पाय हलत नव्हता, आता हलवून बघा, उठा, दोन पावलं चाला. इंडिकेटरची टिकटिक वेगळ्या तालाची होती. असं करत करत घड्याळ परत नुसतं घड्याळ होतं. आणि "घाई मीच केली" हे वाक्य पण असंच टेबलावर येतं. तुम्ही पाचला निघू म्हणालात, ट्रक तुम्ही चालवत नव्हता, यातलं कुठलं किती खरं हे कुणीतरी तुमच्याबरोबर बसून शांतपणे तपासतं. नुसतं "तुझी काही चूक नाही गं" म्हणून ते जात नाही, अडीच वर्षं सगळे तेच म्हणत असतील आणि गेलं नाही ना.

मिस्टरांना मात्र हे दाखवा. "एकदाचं उरकून टाक" हे ते प्रेमाने म्हणतायत पण पाच दिवसांनी तुम्ही घरी याल आणि परत एखाद्या रात्री दचकून उठाल तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर "एवढे पैसे घालवून?" दिसायला नको. पाच दिवसात भीतीचा कणा मोडतो, राहिलेलं पुढच्या काही महिन्यांत होतं. इंग्लंडच्या त्या अभ्यासातही सलग आठवड्यानंतर लोकांना पुढे अधूनमधून भेटायचेच. म्हणून साताऱ्याच्या मॅडमना सोडू नका. पुण्याहून आल्यावर महिनाभर आठवड्याला आणि मग पंधरा दिवसांनी त्यांच्याकडे, आणि ते रस्त्यावरचं काम, हायवे, घाट, बोगदा, ते त्यांच्याबरोबर ठरवून करायचं. पुण्याची बाई नवीन आहे, परकी आहे, याची पण तुम्हाला धाकधूक असेल, तर त्या डच प्रोग्राममध्ये मुद्दाम थेरपिस्ट बदलत राहतात आणि तरी लोक बरे होतात, तेव्हा ओळख जुनी नाही म्हणून अडणार नाही.

फोन करून त्या पुण्याच्या मॅडमना काही गोष्टी स्पष्ट विचारा, लाजू नका, ४५ हजार देताय. पद्धत कुठली वापरता, तिचं नाव काय. तुमचा आरसीआयचा (क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी करणारी सरकारी संस्था) रजिस्ट्रेशन नंबर काय. आधी एक भेट घेऊन माझ्यासाठी हे योग्य आहे की नाही ते तपासणार का (थेट सोमवारी या म्हणत असतील तर मला आवडणार नाही). संध्याकाळी सातनंतर त्रास झाला तर फोन कुणाला करायचा. साताऱ्याच्या मॅडमशी तुम्ही बोलणार का. एवढी उत्तरं सरळ मिळाली तर ठीक. हल्ली ट्रॉमा हीलिंग रिट्रीट म्हणून डोंगरात नाहीतर समुद्रकाठी तीन दिवस नेतात, श्वास, ढोल, सामूहिक रडणं असं काय काय करतात, लोकांना बरंही वाटत असेल, पण मी वर जे अभ्यास सांगितले ते त्याचे नाहीत, नाव सारखं वाटलं म्हणून फसू नका. आणि झोपेच्या गोळीचं नाव दोन्ही मॅडमना सांगा. काही गोळ्या या कामात आड येतात, पण स्वतःहून एका रात्रीत बंद करू नका, ज्यांनी दिली त्या डॉक्टरांनाच विचारा.

पैसे. नऊ सेशनचे पैसे तुम्ही आधीच घालवलेत आणि ती चाळीस मिनिटं अजून तिथेच आहेत. तरी पण ४५ हजारासाठी कर्ज काढावं लागणार असेल किंवा घरात त्यावरून रोज शब्द ऐकावा लागणार असेल तर मधला रस्ता आहे, साताऱ्याच्या मॅडमना विचारा की सुट्टीच्या दोन आठवड्यात मला आठवड्यातून तीनदा, दीड दीड तासाची वेळ द्याल का. फोर्ट हूडमध्ये रोज होतं, तुमचं एक दिवसाआड होईल. एक स्लॉट हलवायला त्या नाही म्हणणार नाहीत बहुतेक, पुण्याचं नाव त्यांनीच सुचवलंय म्हणजे काय अडलंय ते त्यांनाही दिसतंय.

आता तारखा. तुम्ही दिवाळीची सुट्टी म्हणालात आणि मला एकदम भाऊबीज आठवली. ही तिसरी भाऊबीज ना? त्या चार दिवसांच्या आत हे घेऊ नका, कुणी म्हणालं दोन दिवस आधी उरकू तरी नको. फटाके वाजत असतात, आवाजाला तुम्ही दचकत असणारच, आणि त्यात ओवाळायचं ताट समोर. भाऊबीज होऊ दे, दादाची आठवण काढून जसं रडायचं तसं रडा, मग त्यानंतरच्या सोमवारी सुरू करा. आणि शाळा उघडायच्या आधी तीन-चार दिवस मोकळे हवेतच. त्यात काही ठेवायचं नाही, पेपर नाही, पाहुणे नाहीत, फराळाचे डबे पोचवणं नाही. सुट्टीत बसत नसेल तर सरळ मेडिकल रजा टाका, पाय मोडला असता तर टाकलीच असती. पाच दिवस मुलाला वाईलाच ठेवा, मावशीकडे बरोबर नेऊ नका, दुपारी साडेचारला तिथून बाहेर पडल्यावर तुम्हाला कुणाची आई होता येणार नाही आणि ते त्या दिवसांपुरतं चालेल. मावशींना आधीच सांगून ठेवा की काय झालं, कसं झालं असं रोज विचारायचं नाही, गरम वरणभात द्यायचा आणि लवकर दिवा घालवायचा.

अजून एक गोष्ट आहे, तुम्ही लिहिली नाहीये पण मला ती ओळींच्या मधे वाटली. ही भीती गेली तर दादा पण जाईल, असं कुठेतरी वाटतंय का? खूप जणांना वाटतं, ते बोलत नाहीत. दचकणं, स्वप्नं, बोगदा टाळणं हेच त्याचं शेवटचं उरलंय, ते सोडलं तर त्याला विसरल्यासारखं होईल. माझ्याकडे येणाऱ्यांमध्ये मी नेहमी उलटंच बघितलंय. आत्ता दादा म्हटलं की तुम्हाला ती चाळीस मिनिटं दिसतात, त्याच्या आधीची सगळी वर्षं त्याच्यामागे अडकून पडलीत. त्याची सायकल, त्याचा आवाज, तुम्हाला डीएडला की बीएडला सोडायला आला होता तो दिवस, ते परत यायला जागा होते. दुःख राहणार आहे, ते कुठलीच थेरपी पाच दिवसात काढत नाही आणि काढूही नये. मॅडमना पहिल्याच दिवशी सांगा की मला त्याला विसरायचं नाहीये.

सोमवारी आधी साताऱ्याला फोन, मग पुण्याला. आणि जायचा दिवस ठरला की मिस्टर म्हणतील जाताना बोगद्यातूनच जाऊ, हिंमत कर, तर त्यांना माझं नाव सांगून नाही म्हणा. जाताना मांढरदेवीवरूनच जा, पाऊण तास जास्त लागला तरी चालेल. येताना त्या दिवशी कुठल्या रस्त्याने यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, गाडीत बसल्यावर.